बेगमी

आमच्या कोकणात मे महिना उतरणीला लागला की घराघरांत एकच शब्द ऐकू येतो, आगोट. पाऊस दारात येण्याआधीचे हे दिवस. तांदूळ कणगीत जातो, लाकूडफाटा पडवीच्या आत येतो, सुके बोंबील, जवळा, सोडे डब्यांत भरले जातात, आमसुलांच्या बरण्यांची तोंडे फडक्याने बांधली जातात. याला म्हणतात आगोटीची बेगमी.

लहानपणी मला वाटे, या शब्दाचा बेगमशी काहीतरी संबंध असणार, कारण हे सगळे काम आमची अम्मीच करायची. पुढे कळले की शब्द फारसी आहे. बे म्हणजे विना, गम म्हणजे काळजी. साठा करून ठेवल्यावर मनाला जी निर्धास्ती येते ती बेगमी. मराठीने नंतर त्या साठ्यालाच बेगमी म्हणायला सुरुवात केली. मला ही गोष्ट फार आवडते. साठा म्हणजे नुसता माल नव्हे, चार महिने वाट बंद झाली तरी आपले अडणार नाही हा भरवसा.

अब्बांची या साठ्याबाबत एक सवय होती. प्रत्येक डब्यावर, पोत्यावर ते कोळशाने तारीख लिहीत. नवा जवळा आला की जुना पुढे काढायचा, नवा मागे ठेवायचा. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, "भरून ठेवणं कुणालाही येतं. काय कधीचं आहे हे लक्षात ठेवणं हेच खरं काम."

या वाक्याचा अर्थ मला पन्नाशीच्या जवळ आल्यावर कळला. तोही जवळ्यामुळे नाही, मोबाईलमुळे.

*

मी मुंब्र्याला राहतो. गाव श्रीवर्धन तालुक्यात. आमच्या वाडीत बारा घरे, सगळ्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा, आणि प्रत्येक घरातला एक तरी माणूस मुंबईत नाहीतर आखातात. त्यामुळे कुणाची जमीन कुठल्या गट नंबरात, हिस्सा कितवा, विहिरीत वाटा किती, झाडे किती, हे सगळे अब्बांच्या एका लाल वहीत होते. गावातल्या कुणालाही काही हवे असेल तर तो अब्बांकडे यायचा. २०१३ साली मी ती वही संगणकात उतरवली आणि वाडीपुरते एक छोटे संकेतस्थळ केले. आतले तक्ते सांकेतिक शब्द टाकल्यावरच उघडत, आणि तो शब्द बारा घरांनाच ठाऊक होता.

अडचण एकच होती, नेटवर्क. वाडीत मोबाईलला दांडी मिळायची ती दोन ठिकाणी, मशिदीसमोरच्या कट्ट्यावर आणि वरच्या सड्यावर. घरात बसून पान उघडायचे तर ते फोनमध्ये आधीच येऊन पडलेले हवे. म्हणजे बेगमी हवी.

ब्राउझर ही बेगमी मुळातच करतो, हे पुष्कळांना माहीत नसते. आपल्याला एक पान दिसते, पण त्यामागे अनेक फायली असतात. मजकूर वेगळा, अक्षरांचा फाँट वेगळा, रंग-रचना सांगणारी सीएसएस फाईल वेगळी, चित्रे वेगळी. मजकूर बदलत राहतो, पण रूप देणाऱ्या या फायली महिनोन्महिने त्याच असतात. दर वेळी त्या नव्याने आणणे म्हणजे रोज बाजारात जाऊन मीठ आणण्यासारखे आहे. म्हणून ब्राउझर त्या एकदा आणतो आणि फोनमध्येच एका कोपऱ्यात ठेवतो. त्या कोपऱ्याचे नाव कॅश. (आमच्या भाभींना मी पहिल्यांदा "पान कॅशमध्ये ठेवलंय" असे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले होते, "किती?")

शब्द फ्रेंच आहे, लपवून ठेवणे या अर्थाचा. उत्तर अमेरिकेच्या जंगलांत फिरणारे फ्रेंच शिकारी परतीच्या वाटेसाठी अन्न जमिनीत पुरून ठेवत, त्याला ते कॅश म्हणत. १९६८ साली आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या संगणकातल्या छोट्या, वेगवान स्मृतीसाठी हा शब्द वापरला गेला आणि तिथून तो सगळीकडे पसरला. आमचा शब्द मला त्याहून बरा वाटतो.

सर्व्हर फाईल पाठवतो तेव्हा सोबत सूचनाही पाठवतो, ही किती सेकंद ताजी समजावी. वर्षभरासाठी ठेवायची तर आकडा लिहायचा ३१५३६०००. मुदत संपली की ब्राउझर सर्व्हरला विचारतो, माझ्याकडे या खुणेची प्रत आहे, ती चालेल का? चालत असेल तर सर्व्हर फाईल न पाठवता नुसता ३०४ हा क्रमांक पाठवतो. म्हणजे, बदल नाही, आहे तीच वापरा. किती सुंदर व्यवहार आहे पाहा. माल हलत नाही, फक्त होकार येतो.

पण या सगळ्यात विचारायला तरी नेटवर्क लागतेच. शिवाय मुख्य पानच आले नाही तर फाँट फोनमध्ये असून उपयोग काय? पोटभर भात खायचा आणि घरात फक्त मीठ, अशी ती गत.

*

त्या काळात एचटीएमएल ५ मध्ये ॲप्लिकेशन कॅश नावाची सोय होती. एक साधी मजकुराची फाईल करायची, पहिल्या ओळीत 'कॅश मॅनिफेस्ट' हे दोन शब्द इंग्रजीत लिहायचे आणि खाली साठवायच्या फायलींची यादी द्यायची. थोडक्यात, वाण्याची यादी. मी ती एका रात्रीत लिहिली आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

ईदला गावी गेलो. कट्ट्यावर बसून अब्बांना पुतण्याच्या फोनवर पान उघडून दाखवले. तक्ता छान दिसला. अब्बांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिला आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा उघडले तर रंग नाही, फाँट नाही, रकाने नाहीत. नेटवर्क चांगले होते, तरीही. अब्बा म्हणाले, "काल कपडे घालून आलं होतं. आज बनियनवर कसं?"

कारण शोधायला मला चार दिवस लागले. या सोयीचा नियम असा होता की एकदा पान साठ्यातून उघडले की यादीत नसलेली कुठलीही फाईल ते मागवत नाही, नेटवर्क असले तरीही. बाकीचे बाहेरून आणायला परवानगी आहे, असे वेगळ्या कलमात एक फुली टाकून सांगावे लागते. मी मजकुराची यादी केली होती, रूपाच्या फायलींची केली नव्हती. त्या मला गौण वाटल्या होत्या.

पण हसण्यावारी नेण्यासारखे ते नव्हते. मी तक्ता सरळ तक्ता म्हणून न लिहिता वेगवेगळ्या चौकटींत लिहिला होता आणि त्या चौकटींना शेजारी-शेजारी बसवण्याचे काम सीएसएस करत होती. ती गेली की आकडे एकाखाली एक पडले. ४७, ३, ११०, २५. यातला गट कुठला, हिस्सा कुठला, झाडे किती? सगळे आकडे बरोबर, आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच नाही. रूप म्हणजे केवळ शृंगार असे मानणाऱ्या माझ्यासारख्याला तो धडा होता. आकड्याला अर्थ येतो तो रकान्यामुळे.

फाँटचेही तसेच. वाडीतल्या दोन वृद्धांना देवनागरी वाचता येत नव्हती, उर्दू येत होती. त्यांच्यासाठी घरांची नावे मी उर्दूतही लिहिली होती. फोन स्वतःहून उर्दू दाखवायचा ती नस्ख वळणात, सरळ रेषेत. या दोघांचे डोळे जन्मभर नस्तालीकवर पोसलेले, उजवीकडून डावीकडे उतरत येणाऱ्या त्या तिरप्या वळणावर. नस्ख त्यांना वाचता यायची, पण अडखळत, परक्याचे पत्र वाचल्यासारखी. आता नस्तालीकमध्ये अक्षर शेजाऱ्याप्रमाणे आकार बदलते आणि जागाही बदलते, त्यामुळे फाँटची फाईल देवनागरीपेक्षा कितीतरी जड होते. ती दर वेळी डाऊनलोड होणे अशक्य. एकदा साठवली तरच ते दोघे वाचू शकणार. म्हणजे साठ्यात पहिला मान तिचा.

यादी दुरुस्त केली. मग कळले की यादीतले एक जरी नाव चुकले, एक जरी फाईल सापडली नाही, तर सगळा नवा साठा फेकला जातो आणि जुनाच चालू राहतो. आणखी कळले की फायली कितीही बदला, यादीत एका अक्षराचा तरी फरक होईपर्यंत ब्राउझर नव्या फायली घेतच नाही. म्हणून लोक यादीत एक निरुपयोगी ओळ लिहून तिच्यात आवृत्तीचा क्रमांक वाढवत. जेक आर्चिबाल्ड या विकासकाने २०१२ सालीच या सोयीच्या खोडींवर एक लेख लिहिला होता आणि त्याच्या शीर्षकातच तिला इंग्रजीत शिवी घातली होती. मला तो उशिरा सापडला. वाचताना आपल्यासारखा दुसराही कुणीतरी रात्री जागला आहे, याचे समाधान वाटले.

*

अब्बा २०१६ मध्ये गेले. लाल वही माझ्याकडे आली आणि वाडीची जबाबदारीही.

दरम्यान ॲप्लिकेशन कॅश मागे पडली. तिच्या जागी सर्व्हिस वर्कर आला. क्रोममध्ये तो २०१५ च्या सुरुवातीला, फायरफॉक्समध्ये २०१६ मध्ये आणि आयफोनच्या सफारीत मार्च २०१८ मध्ये आला. त्याला संकेतस्थळ एचटीटीपीएसवरच हवे असते. तोवर लेट्स एन्क्रिप्टने त्यासाठीची प्रमाणपत्रे फुकट द्यायला सुरुवात केली होती, म्हणून माझ्यासारख्याला ते परवडले.

सर्व्हिस वर्कर म्हणजे यादी नव्हे, दारावर बसवलेला माणूस. पानाला जी फाईल हवी ती मागणी आधी त्याच्याकडे जाते. घरातून द्यायची, बाजारातून आणायची, की आधी बाजार पाहून मग घरात शोधायचे, हे आपण त्याला शिकवून ठेवायचे. ॲप्लिकेशन कॅश स्वतःच्या मनाने वागायची. हा सांगू तसाच वागतो. आणि म्हणूनच चूक झाली तर ती पूर्णपणे आपली.

मी त्याला सोपा नियम शिकवला. घरात असेल तर घरातले दे, नसेल तरच बाहेर जा. फाँट, सीएसएस, चित्रे, तक्त्यांचे आकडे, सगळ्याला हाच नियम. पाने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उघडू लागली. भाभी सड्यावर न जाता चुलीपाशी बसून विहिरीच्या पाळ्या पाहू लागल्या. वाडीत माझे कौतुक झाले. दोन वर्षे सगळे सुरळीत चालले होते.

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, कुवेतहून एका मुलाचा फोन आला. हा आमच्या शेजारच्या खालांचा मुलगा. खाला माझ्या सख्ख्या नव्हेत, पण वाडीत सगळेच त्यांना खाला म्हणतात. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. दिरांशी सामाईक असलेली त्यांची बाग नुकतीच वेगळी झाली होती, फेरफार होऊन सातबारा त्यांच्या नावाचा निघाला होता. "भाई, अम्मीचा हिस्सा नंबर बदललाय. तेवढा दुरुस्त करा." मी त्याच रात्री दुरुस्त केला. माझ्या संगणकावर पाहिला, बरोबर दिसला. त्याला कुवेतमध्ये उघडून पाहायला सांगितले. त्यालाही बरोबर दिसला. दोघांनीही एकमेकांना शुक्रिया म्हटले.

चूक तिथेच होती. माझा संगणक कामासाठी साठा बाजूला ठेवून थेट सर्व्हरवरचे पान दाखवत होता. कुवेतच्या मुलाने नवा फोन घेतला होता, त्यावर तो पान पहिल्यांदाच उघडत होता, त्यामुळे त्याच्याकडे जुना साठाच नव्हता. आणि मी आकड्यांची फाईल बदलली होती, पण सर्व्हिस वर्करच्या फाईलला हात लावला नव्हता. ब्राउझर त्या फाईलमध्ये एका बाइटचा तरी फरक दिसला तरच नवा साठा भरायला घेतो. फरक नव्हता. त्यामुळे वाडीतल्या फोनवरचा दारावरचा माणूस इमानदारीने जुनाच आकडा देत राहिला. तपासणाऱ्या दोघांना बरोबर दिसत होते आणि वापरणाऱ्यांना चूक.

*

३ जून २०२०. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले ते आमच्याच भागात, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला. दुपारच्या काही तासांत तीन-तीन पिढ्यांच्या पोफळी आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल काय गेले ते. पोफळ लावल्यावर उत्पन्न द्यायला सहा-सात वर्षे घेते. घरांची कौले, पत्रे, विजेचे खांब, मोबाईलचे मनोरे, सगळे गेले. मी मुंब्र्यात फोन लावत बसलो होतो आणि पलीकडून काहीच येत नव्हते. आमच्या वाडीत नेटवर्क यायला दोन आठवडे लागले. वीज त्याच्याही नंतर.

पुढचे मला भाभींनी नंतर सांगितले. पंचनाम्यासाठी तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक गावोगाव फिरत होते. एकेका गावात शेकडो बागा. अर्जात गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र लिहायचे होते. सातबारे पेट्यांत, पेट्या भिजलेल्या. एरवी महाभूलेखवर पाहता आले असते, पण नेटच नव्हते. तेव्हा भाभींना फोनमधले पान आठवले. पुतण्याने ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करून आणला. पान उघडले. रकान्यांसकट, फाँटसकट, जसेच्या तसे. वाडीतला सर्वांत म्हातारा माणूस नस्तालीकमध्ये स्वतःच्या घराचे नाव पाहून रडला, असे भाभी म्हणाल्या. बाहेर छप्पर उडालेले आणि आत घराचे नाव शाबूत.

पुतण्याचा स्वतःचा फोन आयफोन होता, त्यात मात्र काही उघडले नाही. मार्च २०२० मध्ये ॲपलने सफारीत नियम आणला होता. सफारीच्या वापराचे सात दिवस भरले आणि तेवढ्यात एखाद्या स्थळाकडे तुम्ही फिरकला नाहीत, तर त्या स्थळाने फोनमध्ये ठेवलेला साठा पुसला जातो. लोकांचा माग काढणाऱ्या जाहिरातदारांना आवर घालण्यासाठी केलेला तो नियम आहे आणि त्याचा हेतू मला पटतो. पण त्याच्या वाटेत आमचा तक्ताही आला. पान होमस्क्रीनवर ठेवले असते तर वाचले असते.

भाभींचा साधा अँड्रॉइड फोन कामाला आला. त्यांनी बारा घरांचे नंबर कागदांवर उतरवले. अकरा घरांचे बरोबर होते.

खालांचे अर्ज भरताना खाला म्हणाल्या होत्या, "माझा हिस्सा आता वेगळा झालाय ना गं? नंबर दुसरा आहे बहुतेक." भाभींनी पुन्हा फोनमध्ये पाहिले आणि म्हणाल्या, "खाला, भाईने लिहिलंय. बरोबरच असणार." खाला गप्प बसल्या. अर्ज जुन्या हिश्श्यावर गेला, जो आता दिरांच्या नावावर होता.

बाकीच्यांचे पैसे आले तेव्हा खालांचे आले नाहीत. नाव एकाचे, नंबर दुसऱ्याचा. कार्यालयाचा यात दोष नव्हता. त्यांनी कागदाप्रमाणेच केले. दुरुस्तीचा अर्ज, फेरफाराची नक्कल, दिरांचा जबाब, या सगळ्यासाठी साठी ओलांडलेल्या त्या बाईने करोनाच्या दिवसांत, मिळेल त्या वाहनाने, तालुक्याला किती खेपा घातल्या ते मी मोजले नाही. मोजायची हिंमत झाली नाही. पैसे अखेर मिळाले, पुढच्या वर्षी. तोवर त्यांच्या बागेची साफसफाई राहिली, नवी रोपे एक पावसाळा उशिरा लागली.

*

मी गावी जाऊन माफी मागितली. खाला म्हणाल्या, "तू मुद्दाम थोडाच केलंस? पण बेटा, मला माहीत होतं रे नंबर चुकीचा आहे. मोबाईलमध्ये इतकं नीटनेटकं लिहिलेलं होतं, मला वाटलं माझंच चुकत असेल."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. अब्बांच्या लाल वहीत जुनी नोंद जुनी दिसते. शाई फिकी होते, कागद पिवळा पडतो, खाडाखोड दिसते. वाचणारा आपसूक विचारतो, हे कधीचे? साठ्यातले पान पिवळे पडत नाही. रूपाच्या फायली मी इतक्या जिवापाड जपल्या होत्या की दोन वर्षांपूर्वीचा आकडाही आज सकाळी लिहिल्यासारखा दिसत होता. मी जपलेल्या त्या रूपानेच खालांची आठवण खोटी पाडली.

नेटस्केपमध्ये काम केलेले फिल कार्ल्टन यांच्या नावावर एक वचन सांगितले जाते. संगणकशास्त्रात खऱ्या अवघड गोष्टी दोनच, वस्तूंना नावे देणे आणि साठ्यातले काय कधी बाद करायचे ते ठरवणे. संगणकवाले हे विनोद म्हणून सांगतात. आता मला त्यात विनोद दिसत नाही.

मग मी सगळे पुन्हा लिहिले. दारावरच्या माणसाला आता दोन फडताळे दिली आहेत. पहिल्यात रूप आहे, म्हणजे फाँट, सीएसएस, चित्रे. यांना नियम जुनाच, घरातले आधी. पण प्रत्येक फाईलच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक आहे. काही बदलले की नाव बदलते, म्हणून जुने नव्यात मिसळत नाही, आणि नवे आले की जुने फडताळ रिकामे केले जाते. दुसऱ्यात आकडे आहेत. त्यांचा नियम उलटा, आधी बाहेर विचार, नाही मिळाले तरच घरातले दे. यात एक अडचण येते. आमच्याकडे नेटवर्क पूर्ण जात नाही, एक दांडी दिसत राहते आणि येत काहीच नाही. फोन आशेने वाट पाहत बसतो. म्हणून तीन सेकंदांची मर्यादा घातली आहे. तेवढ्यात उत्तर आले नाही तर साठ्यातले दाखव.

आणि साठ्यातले दाखवताना पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि उर्दूत, एक ओळ येते. ही नोंद अमुक तारखेची आहे, त्यानंतर बदल झाला असू शकतो. ती जितकी जुनी, तितका पानाचा रंग पिवळा होत जातो. कागदाला जे आपोआप येते ते मला मुद्दाम लिहून आणावे लागले.

भाभींना विचारून एक तिसरी गोष्टही केली. दर आगोटीला तक्ता छापून, प्लॅस्टिकच्या आवरणात घालून बारा घरांत पोचवला जातो. खाली तारीख असते. बॅटरी लागत नाही. मागच्या मे महिन्यात खालांनी तो हातात घेतला, चष्मा लावून आपली ओळ बोटाने शोधली, नंबर मोठ्याने वाचला. मग आत जाऊन सातबारा आणला आणि माझ्यासमोर, माझ्याकडे न पाहता, तो ताडून पाहिला.

बरोबर होता. त्यांनी तक्ता डाळीच्या डब्यामागच्या खिळ्याला लावला आणि त्याच खिळ्यावर असलेला मागच्या वर्षीचा काढून चुलीत घातला.